मंडळीला फाटकाबाहेर न्यायचं ट्रेनिंग : पहिला भाग झकास, नंतर गाडी परदेशात

आमच्या पास्टरेट कमिटीतल्या (चर्चचा कारभार बघणारी कमिटी) चौघांना मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, एका निवासी ट्रेनिंगला पाठवलं होतं. विषय असा की काळ बदलतोय तर चर्चने आपल्या आपल्यातच न राहता बाहेरच्या माणसांसाठी कसं उभं राहायचं, आणि पुढाऱ्यांनी त्यासाठी मंडळीला कसं तयार करायचं. संस्थेचं नाव देत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत. पण अशी ट्रेनिंग बऱ्याच ठिकाणी चालतात आणि पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) व्हॉट्सॲपवर जाहिराती येतच असतात, म्हणून म्हटलं लिहूया. फी राहणं-जेवण धरून वाजवी, खोल्या स्वच्छ, चहा मात्र अगदी पांचट.

सगळ्यात भारी सेशन फोटोंचं. येतानाच सांगितलं होतं की आपापल्या चर्चच्या फाटकाचा फोटो आणा, रस्त्यावरून दिसतं तसा. आम्हाला वाटलं ओळखपरेडसाठी असेल. शिकवणाऱ्या सरांनी सगळे फोटो एकापाठोपाठ एक स्क्रीनवर लावले आणि एवढंच विचारलं की मंगळवारी दुपारी इथून चाललेल्या माणसाला काय कळतं? कुलूप कळतं. ‘गाड्या लावू नयेत’ कळतं. एकाचा उपासनेच्या वेळेचा बोर्ड फांदीच्या मागे, एकाचा नुसता इंग्रजीत, आणि आमच्या बोर्डावर तर बदली होऊन गेलेल्या पाळकसाहेबांचंच नाव अजून. हॉलभर खसखस पिकली पण प्रत्येकाने गुपचूप स्वतःचा फोटो पुन्हा झूम करून बघितला.

मग वार्षिक हिशेबाचे कागद काढायला लावले आणि हायलायटर दिला, कंपाउंडबाहेरच्या माणसासाठी झालेला खर्च पिवळा करा म्हणे. पगार, डायोसिसचा (बिशपच्या हाताखालच्या प्रांताचा) हिस्सा, रंगकाम, साउंड सिस्टीम, नाताळचं जेवण, एकही ओळ पिवळी होईना. आमचे खजिनदार तर भांडायलाच उठले, की कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव सगळ्यांना खुला असतो की, तो धरायचा का नाही! सर म्हणाले, "बाहेरचं कोण आलं होतं ते सांगा, धरतो." खजिनदार बसले. ह्या दोन सेशनसाठी मी पूर्ण फी पुन्हा एकदा भरायला तयार आहे.

थिअरी लेस्ली न्यूबिगिनभोवती होती आणि तीपण चांगली शिकवली. हा माणूस 1936 साली मिशनरी म्हणून इंग्लंडहून दक्षिण भारतात आला, 1947 ला तिथली प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा बिशप झाला, आणि 1974 ला मायदेशी परत गेला तर त्याला दिसलं की आता मिशनची गरज मायदेशातच आहे, आणि काम तिथलंच जास्त अवघड. मग तिथे काही वर्षं कॉलेजात शिकवून झाल्यावर म्हातारपणी बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तीतली एक छोटीशी मंडळी सांभाळली. त्याचं म्हणणं साधारण असं की सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) लोकांना पटते ती तशी जगणारी मंडळी समोर दिसली तर, नुसत्या भाषणाने नाही. हे ऐकून बरं वाटलं कारण आमच्याकडे मिशन म्हटलं की पहिला ठराव मांडवाचा आणि बाहेरच्या वक्त्याचा.

पण इथून पुढे गाडी परदेशात गेली ती परत आलीच नाही. चर्च ऑफ इंग्लंडने 2004 मध्ये ह्या विषयावर अहवाल काढला, त्यानंतर तिकडे कॅफेत वगैरे जमणाऱ्या मंडळ्यांना जोर आला, त्याचे व्हिडिओ, मग अमेरिकेतल्या पार्किंगमध्ये हात हलवणारे स्वयंसेवक. अहो पण तिकडचा प्रश्न रिकाम्या चर्चचा आहे. आमच्याकडे रविवारी बाकं भरतात, फक्त घराणी पिढ्यान्‌पिढ्या तीच, आणि पोरं इंग्लिश मीडियमची, मराठी गीतं मोबाईलवर रोमन अक्षरांत वाचतात. चर्चपासून चार पावलांवर अभ्यासिकांमध्ये मराठवाड्या-विदर्भातून आलेली एमपीएससीची मुलं बसायला जागा शोधतात आणि आमचा हॉल सोमवार ते शनिवार बंद. ह्यावर एकसुद्धा केस नाही?

आणि नारायण वामन टिळकांचं नावच नाही! हे मला खरंच खटकलं. ज्या माणसाने ख्रिस्ताची भजनं लिहिली, कीर्तनं केली, 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनासुद्धा जागा ठेवली, त्याच्यावर अख्खा दिवस घेता आला असता. 1919 ला ते गेले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला, का राहिला ह्यावर चर्चा झाली असती तर आम्हाला त्या पार्किंगच्या व्हिडिओपेक्षा शंभरपट उपयोग होता. चहाच्या वेळी मी सरांना म्हटलं तर "हो हो, ॲड करायला पाहिजे," आणि बिस्किट घेऊन पुढे.

दुसरी मोठी उणीव म्हणजे धर्मांतराच्या संशयाचा विषय शेवटी घाईघाईत गुंडाळला. खेड्यातले एक पाळक म्हणाले, "आमच्याकडे नुसतं डोळे तपासणी शिबिर लावायचं तरी मी आधी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना जाऊन भेटतो, नंतर प्रश्न नकोत." खरं ट्रेनिंग ते होतं, त्यांना माईक द्यायला हवा होता. कुणाला मदत करताना त्या बदल्यात काही मागायचं नाही हे एका स्लाइडमध्ये आलं, आणि ती स्लाइड दिसते न दिसते तोच जेवणाची बेल झाली.

नंतर फोनवर मार्गदर्शन मिळेल असं फॉर्मवर छापलेलं, ते विसरा. दोन मेसेजना ब्लू टिक आली, उत्तर नाही.

पाचपैकी साडेतीन. जायचं असेल तर पाळकसाहेबांना एकट्याला अजिबात पाठवू नका, ते उत्साहात परत येतात आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कमिटी त्यांना थंड करते. खजिनदाराला न्या, तरुण संघातलं एखादं बोलकं पोर न्या, आणि हिशेबाचा कागद मूळ न्या, झेरॉक्सवर हायलायटर फासतो.