काकूच्या भुट्ट्याच्या कीसात एआयने घातलेलं फुटेज

व्हिडिओत आपोआप फुटेज भरणारं एक एआय टूल मी वापरून बघितलं. आधीच सांगतो, त्याचं नाव लिहीत नाहीये. जे झालं ते माझ्या एकट्याच्या अकाउंटवर झालं आणि उद्या त्यांनी अपडेट टाकला तर मीच खोटा पडेन. पण या जातीची बरीचशी टूल्स आतून सारखीच चालतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी वाचून घ्या.

माझी काकू इंदूरला रामबागेत राहते, तिचं रेसिपीचं चॅनल आहे, मराठीत. शूटिंग मी करतो, एडिटिंग मी करतो, शिव्याही मीच खातो. एक मोबाईल, एक ट्रायपॉड, काकू ओट्यासमोर उभी राहून बोलते आणि बोलायला लागली की थांबत नाही. आता दहा मिनिटं तीच एक फ्रेम कोण बघणार, म्हणून आवाज चालू ठेवून वर दुसरं काहीतरी दाखवावं लागतं, तडतडणारी मोहरी, चिरलेली कोथिंबीर, बाहेरचा पाऊस, त्यालाच बी-रोल म्हणतात. ते वेगळं शूट करायला बसलं की संध्याकाळ जाते, आणि काकू म्हणते एकदा केलेला पदार्थ तुझ्या कॅमेऱ्यासाठी परत करू का, तूप काय फुकट येतं? म्हणून मी हे एआयवालं टूल घेतलं, महिन्याच्या प्लॅनवर.

वापरायला सोपं आहे, त्यात वाद नाही. व्हिडिओ अपलोड करायचा, ते बोलणं ऐकून टाइप करतं, वाक्यांचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्यातून दोन-तीन शब्द उचलून त्यांचं इंग्रजी करतं आणि त्या शब्दांनी स्टॉक लायब्ररीत, म्हणजे तयार क्लिपांच्या साठ्यात शोधतं. तिथे नाही सापडलं तर स्वतःच क्लिप बनवतं. मग सगळं टाइमलाइनवर जागच्या जागी चिकटवून देतं. चहा होईपर्यंत काम तयार. पहिल्या दिवशी मी ऑफिसातल्या निम्म्या लोकांना सांगून मोकळा झालो होतो की बाबांनो एडिटिंगचे दिवस गेले.

पहिला व्हिडिओ भुट्ट्याच्या कीसाचा होता. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आम्ही इंदूरवाले कणसाला भुट्टाच म्हणतो. कोवळा भुट्टा किसणीवर किसायचा, तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, त्यात तो कीस घालून परतत राहायचं, मग दूध, आणि दूध आटून कडेने तूप सुटायला लागलं की झाला. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. काकू व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला प्रेमाने म्हणते, "आज आपण करूया भुट्ट्याचा कीस," आणि स्क्रीनवर काय तर समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळेला एक गोरं जोडपं मन लावून चुंबन घेतंय. मी एकटा असतो तर हसून डिलीट केलं असतं, पण काकू शेजारीच बसली होती चष्मा लावून. "अरे हे कोण, आणि माझ्या व्हिडिओत काय करतायत?" मी म्हटलं काकू, मशीनला कीस कळला नाही. ती म्हणाली, "चांगला कळलेला दिसतोय."

रेसिपीभर ती कीस शब्द चौदा वेळा म्हणते. चौदाच्या चौदा वेळा नाही, पण पाच वेळा ते जोडपं किंवा त्यांचे भाऊबंद आले.

मग लक्ष देऊन बघितलं तर मजाच मजा. "आता फोडणी द्या" म्हटलं की काच फुटते, स्लो मोशनमध्ये, कारण फोडणे म्हणजे तोडणे, चूक नाही त्याची. "वरून बारीक सेव" म्हटलं की लालबुंद सफरचंद, म्हणजे त्याने हिंदीतलं सेब ऐकलं. जिरावणला, म्हणजे आमच्या पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याला, एकदा चक्क जंगल दाखवलं, जीरा आणि वन असं फोडून वाचलं असावं. यात काकूचा पण थोडा हात आहे हे मान्य करायला पाहिजे. लिस्टमधून मी भाषा मराठी निवडली होती, पण आमची इंदूरची मराठी म्हणजे चमचा कमी आणि चम्मच जास्त, वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं, पुण्याचा पाहुणा पण दोनदा विचारतो तर मशीन बिचारं काय करणार.

शिकंजीला मात्र मी त्याला दोष देणार नाही. आमच्याकडे शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाची, घट्ट, केशर आणि सुकामेवा घातलेली, ग्लासात चमचा घालून खावी अशी. त्याने लिंबू पिळलेला बर्फाचा ग्लास दाखवला. बाहेर कुठेही विचारा, शिकंजी म्हणजे लिंबूच सांगतील. सराफ्याचंही तसंच, काकू रात्रीच्या सराफ्याबद्दल बोलत होती आणि वर सोन्याचे हार आले. आता दिवसा सराफा सोन्याचांदीचाच बाजार आहे ना, रात्री दुकानांची शटर पडली की मग खाण्याचे ठेले लागतात, हे इंदूरबाहेर जन्मलेल्या माणसालाही सांगावं लागतं.

स्टॉक जमेना म्हणून दुसरा पर्याय चालू केला, क्लिप स्वतः बनव म्हटलं. हल्ली गूगलच्या व्हिओ ३ सारखी मॉडेल्स आठ सेकंदांची क्लिप आवाजासकट बनवून देतात, माझ्या टूलच्या आत कोणतं मॉडेल होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण क्लिप तशीच छोटी यायची. मी लिहिलं, बाईचे हात किसणीवर भुट्टा किसतायत. क्लिप आली आणि पहिले दोन सेकंद मी खरंच वा म्हटलं, खिडकीतून ऊन येतंय, किसणी चमकतेय. मग नीट बघा. हात खालीवर होतोय पण भुट्टा कमीच होत नाहीये, शेवटपर्यंत तेवढाच. खाली कीस पडायच्या ऐवजी अख्खे दाणे पडतायत मोत्यासारखे. मनगटात सुरुवातीला चार बांगड्या, शेवटी सहा. आणि बोटांना लाल नेलपॉलिश, काकूने आयुष्यात लावलेलं नाही. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या आणि अंगठ्यावर विळीचा जुना वण. तिच्या नेहमीच्या बघणाऱ्या बायकांनी पाच मिनिटांत पकडलं असतं.

इथे मला खरंच खटकलं. कोचिंगवाल्याने "मेहनत करा" म्हटल्यावर लायब्ररीतला अनोळखी मुलगा दाखवला तर काही बिघडत नाही. पण रेसिपीत कढई दाखवतो ती पुरावा म्हणून, की बघा, एवढा रंग आला की दूध घाला. तिथे जी कढई कधी गॅसवर चढलीच नाही ती दाखवली तर समोरची बाई तिच्या भरवशावर आपला कीस जाळणार. शिवाय यूट्यूबने मार्च २०२४ पासून नियम केलाय की खरं वाटेल असं बनवलेलं फुटेज टाकलं तर अपलोड करताना तशी खूण करायची. काकूच्या पदार्थावर तसलं लेबल म्हणजे हॉटेलच्या बोर्डावर "फोटोतला पदार्थ मिळणार नाही" लिहिण्यासारखं.

टूलने बनवलेल्या इंदूरच्या राजवाड्याचं तर विचारूच नका. गुलाबी घुमट, समोर कारंजी, एक हत्ती. आमचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, १९८४ च्या आगीत जळला आणि नंतर पुन्हा उभा केला. हत्तीच्या जागी ई-रिक्षा. शेवटी स्कूटी काढली, सकाळी सातला जाऊन तीन शॉट घेऊन आलो, येताना पोहे-जिलबी पण झाली. क्रेडिट, म्हणजे क्लिप बनवायला टूल कापतं ते पॉइंट, शून्य खर्च.

क्रेडिटवरून आठवलं, क्लिप बिघडलेली आली तरी क्रेडिट कापले जातात. पाच सेकंदाच्या चांगल्या क्लिपसाठी सहा-सात वेळा कापून घेतले. चॅटवर तक्रार केली तर उत्तर आलं प्रॉम्प्ट, म्हणजे काय बनवायचं ती सूचना, अजून सविस्तर लिहा. बिल डॉलरमध्ये, आणि महिना संपला की आपोआप पुढचे पैसे कटतात, ते बंद करायचं बटण सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली आहे. पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

बाकी बारीकसारीक. दर मिनिटाला किती क्लिप टाकायच्या याचा स्लायडर असतो, तो आधीच खूप वर ठेवलेला येतो, दर चार सेकंदांनी चित्र बदलतं आणि काकूचा चेहराच दिसत नाही, अर्ध्याखाली आणा. स्टॉकचे रंग निळसर, काकूच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट, दोन्ही शेजारी आले की जोड दिसतो. आडवी क्लिप उभ्या रीलमध्ये कापली की कढई फ्रेमबाहेर आणि नुसता दांडा आत.

मग ठेवलं का? ठेवलं होतं तीन महिने, आणि कारण भलतंच. एकदा वैतागून मी सगळं फुटेज उडवलं, नुसत्या जागांच्या खुणा राहू दिल्या. आणि बघतो तर खुणा अगदी बरोबर जागी. जिथे काकू "रंग बदलला बघा" म्हणते तिथे, "कडेने तूप सुटतंय" तिथे, जिथे ती विषय सोडून नणंदेबद्दल बोलायला लागते तिथे सुद्धा, म्हणजे कुठे बघणारा कंटाळेल ते त्याला कळतं, दाखवायचं काय ते कळत नाही. आता मी काकूला आधी कोरडं बोलायला लावतो, ती रेकॉर्डिंग टूलला देतो, खुणांवरून अकरा-बारा शॉटची यादी कागदावर उतरवून फ्रिजवर लावतो, आणि खरा पदार्थ होताना दुसऱ्या मोबाईलवर तेवढे शॉट घेतो. पदार्थ एकदाच, तूप एकदाच. जोडणी दाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये. पूर्वी तीन संध्याकाळी जायच्या, आता एक जाते.

तर माझ्याकडून पाचपैकी अडीच. इंदूरच्या भंवरकुआं भागात माझा मित्र बँक परीक्षेचे क्लास घेतो, तो साडेचार देईल, त्याला घड्याळ, वही, टेन्शनमधला मुलगा, एवढंच लागतं आणि ते ढिगाने मिळतं.

गेल्या आठवड्यात पेड प्लॅन बंद करून फ्रीवर आलो, खुणांपुरतं तेवढं पुरतं. थंडी पडायला लागलीये, काकूने गराडू, म्हणजे तळून खायचा थंडीतला कंद, आणून ठेवलेत, तिचं बोलणं रेकॉर्ड करून टूलला दिलं. "गराडू तेलात सोडा" या वाक्यावर त्याने गरुड उडवलाय, बर्फाच्या डोंगरावरून, पंख पसरून. ही एक क्लिप ठेव म्हणाली काकू.