प्रोपेलर बॅलन्स करायचा: उद्यमबागेतलं मशीन की घरातल्या दोन पट्ट्या?

मे संपत आला की आमच्या कृष्णाकाठच्या गावांतनं ताडपत्रीखालच्या बोटी बाहेर निघतात आणि मग तोच प्रश्न फिरायला लागतो: गेल्या पावसात बांधाला घासून वाकलेला प्रोपेलर सरळ तर करून घेतला, आता बॅलन्स (म्हणजे फिरताना वजन सगळ्या बाजूंना सारखं राहील असा) कुठं करायचा? बेळगावला उद्यमबागेत नेऊन मशीनवर, की घरीच दोन पट्ट्यांवर? मी दोन्ही करून बघितलंय, 40 हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागं टांगायचं इंजिन) तीन पात्यांच्या ॲल्युमिनियम प्रोपेलरवर, तेव्हा खाली जे आहे ते त्या अनुभवापुरतं धरा.

आधी आमच्या पाण्याबद्दल थोडं, कारण समुद्रावर बोट चालवणाऱ्याचा प्रोपेलर आणि आमचा प्रोपेलर वेगळ्या कारणांनी मरतो. 2019 च्या महापुरात आम्ही नदीत कमी आणि लोकांच्या उसात जास्त बोट चालवली. पाण्याखाली बांध असतो, तारेचं कुंपण असतं, मोटारीचा पाइप असतो, आणि उसाचा पाला शाफ्टला असा गुंडाळतो की विळ्यानं कापून काढावा लागतो. 2021 ला परत तेच. एवढ्यातनं टोकं वाकली नाहीत असं पातं मी तरी बघितलं नाही.

बॅलन्सकडं जायच्या आधी एक गोष्ट मात्र पक्की करा, नाहीतर दोन्हीकडचे पैसे पाण्यात. तिन्ही पात्यांचा पिच, म्हणजे एका फेरीत पातं किती पुढं सरकेल ते अंतर, सारखा आहे का? प्रोपेलर सपाट टेबलावर हबवर (मधल्या जाड भागावर) उभा ठेवा, मध्यापासून ठरावीक अंतरावर वर्तुळ आखा, त्या वर्तुळावर प्रत्येक पात्याच्या दोन जागा 30 अंशांच्या अंतरानं घ्या आणि दोन्हींची टेबलापासूनची उंची मोजा. उंचीतला फरक गुणिले 12, हा त्या पात्याचा पिच. म्हणजे दोन पात्यांत नुसता 2 मिमीचा फरक निघाला तरी पिचमध्ये 24 मिमी, जवळजवळ 1 इंच, फरक पडतो, आणि असला प्रोपेलर सोनाराच्या काट्यावर बॅलन्स केला तरी पाण्यात हादरणारच, कारण एक पातं जास्त ढकलतंय आणि दुसरं कमी. सरळ करणाऱ्यानं ॲल्युमिनियम थंड ठोकलेलं असलं तर पात्याच्या मुळाशी बारीक चीर आहे का तेही बघून घ्या. गरम करूनच वाकवायला लावा, पण ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लोखंडासारखं लाल होत नाही, म्हणून जुने लोक साबणाची रेघ ओढतात आणि ती काळपट तपकिरी झाली की ज्योत बाजूला घेतात. हबवर ओलं फडकं पाहिजेच, नाहीतर आतला रबरी बुश गेला.

शाफ्टही तपासा. न्यूट्रलमध्ये डायल गेज (बारीक हेलकावा दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून हातानं फिरवला की कळतं. शाफ्ट वाकडा असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी तो.

आता मशीन. उद्यमबाग म्हणजे फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव, पंपाचे इंपेलर, ब्लोअर, फ्लायव्हील यांचं बॅलन्सिंग तिथं रोजचं काम. मशीन चांगलंच असतं, त्यात वाद नाही. किती ग्रॅम, कुठल्या अंशावर, ते स्क्रीनवर येतं, माणूस तिथं ग्राइंडर लावतो, परत फिरवतो, अर्ध्या तासात काम खलास. शिवाय मशीन दोन प्लेनमध्ये बघतं, म्हणजे एका पात्याचं वजन पुढं आणि दुसऱ्याचं मागं असला दोष पण पकडतं, जो घरातल्या पट्ट्यांवर कधीच दिसणार नाही. आउटबोर्डचा प्रोपेलर तसा आखूड, त्यामुळं हा दोष आपल्याकडं फार मोठा नसावा असं मला वाटतं, पण मशीनची ही बाजू मान्य करायला पाहिजे.

मग माझं बिनसलं कुठं? मँड्रेलवर, म्हणजे बॅलन्स करताना प्रोपेलर ज्या दांड्यावर बसवतात त्यावर.

आपल्या प्रोपेलरच्या मध्यात सरळ भोक नसतंय, स्प्लाइनची (खाचा असलेली) पितळी स्लीव्ह, म्हणजे नळी, असते, तिच्याभोवती रबरी बुश, आणि मग बाहेरचा हब. शाफ्टवर तो बसतो स्प्लाइनवर आणि पुढच्या थ्रस्ट वॉशरच्या (प्रोपेलरचा रेटा झेलणारी चकती) टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर. मी गेलो त्या शॉपमध्ये (नाव घेत नाही, माणसं कामाची आहेत) स्प्लाइनचा मँड्रेल नव्हता, असणार तरी कुठनं, आउटबोर्ड त्यांच्याकडं वर्षात एखादा येत असेल. त्यांनी साधी गोल सळी घातली, भोवती पितळी शिमची (पातळ पत्र्याची) पट्टी गुंडाळून घट्ट केली आणि फिरवला. स्क्रीनवर आकडा मस्त आला. मी म्हटलं, "अहो, पण हा शाफ्टवर असा बसत नाही." तर म्हणाले, "सर, मशीन झिरो दाखवतंय की, अजून काय पाहिजे?"

घरी आणला, बसवला, नदीवर गेलो. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत ठीक, त्याच्या पुढं हँडल धरलेल्या हाताला मुंग्या आल्या, अगदी कोपरापर्यंत.

हिशोब केला तेव्हा कारण समजलं. शिम एका बाजूला जरा जाड बसली आणि प्रोपेलर मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला असं धरू. प्रोपेलर 2 किलोचा, म्हणजे 2000 ग्रॅम गुणिले 0.25, 500 ग्रॅम-मिमी. मध्यापासून 100 मिमीवर 5 ग्रॅम चिकटवल्यासारखं झालं, अर्धा तोळा. इंजिन 5000 आरपीएमला आणि गिअर साधारण 2:1 असला तर प्रोपेलर 2500 नं फिरतो, आणि त्या वेगाला हा अर्धा तोळा शाफ्टला साडेतीन किलोच्या जोरानं ओढतो, ती ओढ मिनिटाला 2500 वेळा गोल फिरते. सील आणि बेअरिंग यातनंच जातात. मशीननं खोटं सांगितलं नाही, त्यानं सळीभोवती बॅलन्स केला आणि माझा प्रोपेलर सळीवर चालत नाही.

मग घरचा मार्ग. कारवारकडनं भंगारातल्या गिअरकेसमधला एक प्रोपेलर शाफ्ट मिळवला, आपल्याच मॉडेलचा, स्प्लाइन आणि टेपर शाबूत असलेला. लेथवाल्याकडनं दोन्ही टोकं सेंटरमध्ये धरून साफ करून घेतली आणि डायल लावून खात्री केली. हाच मँड्रेल. प्रोपेलर त्यावर थ्रस्ट वॉशरसकट, नट आवळून, जसा बोटीवर बसतो तसाच बसतो, बुश थोडा तिरका दाबला गेला असेल तर तो तिरकेपणाही हिशोबात येतो. खाली दोन ग्राइंड केलेल्या पट्ट्या, स्पिरीट लेव्हलनं आडव्या-उभ्या सरळ केलेल्या. पहिल्यांदा नुसता मँड्रेल लोळवून बघायचा, तो कुठंही थांबला पाहिजे.

दार लावायचं, पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्यानं पातं फिरतं आणि माणूस फसतो. प्रोपेलर हळूच सोडला की घड्याळाच्या लंबकासारखा हेलकावे घेतो आणि जड पातं खाली येऊन थांबतं. त्या शॉपमधनं आणलेला प्रोपेलर मी असा सोडला तर एकच पातं, दहापैकी दहा वेळा, खाली. त्यावर खडूनं खूण केली. हलक्या बाजूला मेण लावत जायचं, जोवर तो कुठंही सोडला तरी तिथंच राहत नाही. आधी मी कणीक लावायचो, पण ती वाळते आणि वजन बदलतं. मग मेण काढून सोनाराच्या छोट्या काट्यावर तोललं, तेवढंच वजन जड बाजूनं, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर घासायचं. मी पात्याच्या बोटीकडच्या अंगानं, मध्यभागी, फ्लॅप डिस्कनं पसरून घासतो, कडांना हात लावत नाही. थोडं घासा, परत लोळवा. माझ्या पट्ट्यांवर आता अर्ध्या ग्रॅमचं मेण पण कळतं. एक अख्खी दुपार जाते हे खरं, पण बेळगावला जाऊन येण्यातही दिवस जातोच, आणि पुरात कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली गेल्यावर कोण कुठं जाणार आहे.

स्टेनलेसचा प्रोपेलर असेल, किंवा 100 च्या पुढचं इंजिन आणि लांब हब, तर मी पण मशीनकडंच जाईन, फक्त स्प्लाइनचा मँड्रेल स्वतः घेऊन. तो टेबलावर ठेवा आणि सांगा, यावरच फिरवा. उद्यमबागेतला कुठलाही चांगला कारागीर ऐकेल, मँड्रेल समोर असला की त्याला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्याकडं मँड्रेल नाही आणि करायचाही नाही, त्यांनी मशीनच्या झिरोवर फार भरवसा ठेवू नये असं मला वाटतं, बाकी तुमची मर्जी.

बसवताना किल स्विचची दोरी काढा, बॅटरी असली तर तीही सोडवा. स्प्लाइनला ग्रीस भरपूर, नाहीतर पुढच्या वर्षी प्रोपेलर शाफ्टवरच जाम. थ्रस्ट वॉशरचा टेपर प्रोपेलरकडं, आणि पात्यात लाकडाचा ठोकळा अडकवून कॅसल नट (खाचा असलेला) इंजिनच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायची ती) भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, सैल करायचा नाही. पिन नवी घाला.

पहिली फेरी हळू मारा, काठाला लावून परत एकदा नट बघा, आणि तेव्हाच शाफ्टवर पाला आहे का तेही.