इंदूरमधलं कॉक्लिअर इम्प्लांट केंद्र: मॅपिंग उत्तम, समुपदेशन तोकडं

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे बहिऱ्या मुलाला ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने बसवलेलं यंत्र; मॅपिंग म्हणजे त्याच्या आवाजाच्या पातळ्या त्या मुलाप्रमाणे जुळवणं. मॅपिंगला पाचपैकी साडेचार. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, तेव्हा इथे एकेक इलेक्ट्रोड (आतल्या कानात विजेचे संकेत देणारं टोक) वेगळा तपासतात: कितीला जेमतेम ऐकू येतं, कितीला नकोसं होतं. मूल दचकलं की पातळी लगेच खाली. अजिबात घाई नाही.

देखभालीचं मात्र कोणी नीट सांगत नाही. सगळ्यात आधी तुटते कॉइलची, म्हणजे डोक्याला चुंबकाने चिकटणाऱ्या चकतीची वायर, तीही प्रोसेसरजवळच्या (बाहेर घालायच्या यंत्राजवळच्या) वळणावर; जास्तीची एक घरात ठेवाच. 675 नंबरच्या झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर चार-पाच मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. पावसाळ्यात प्रोसेसर रात्रभर ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डब्यात हवा. चुंबकाखालची कातडी लाल दिसली तर कमी ताकदीचं चुंबक मागा. रोज सकाळी मुलाच्या मागे उभं राहून आ, ऊ, ई, म्, श्, स् म्हणा आणि सगळे ऐकू येतात का बघा. नेमका स् निसटायला लागला तर आधी माइकचं कव्हर बघा, धुळीने बुजलेलं असू शकतं.

समुपदेशनाला दोनच. ‘घरी फक्त हिंदी बोला’ हा इथला सल्ला चुकीचा आहे. मुलाला भाषा मिळते ती दिवसभर कानावर पडणाऱ्या मोकळ्या बोलण्यातून. रामबागेतल्या मराठी आजीने जपूनजपून हिंदी बोलायचं, म्हणजे मुलाच्या वाट्याचे निम्मे शब्द गेले. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही.

हातवारे बंद करायला सांगणं त्याहून वाईट. अंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर हे मूल बहिरंच असतं. तेव्हा त्याने आईशी बोलायचं कसं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषाही धरली आहे. मुलाचं बहिरेपण म्हणजे फक्त दुरुस्त करायचा बिघाड, असं ठरवण्याचा अधिकार केंद्राला नाही.

आणि ऑपरेशनचा निर्णय घेतात आईवडील, तोही मूल दोन-तीन वर्षांचं व्हायच्या आत, कारण उशीर झाला की मेंदूची बोली पकडण्याची ताकद ओसरते. इलेक्ट्रोड आत जाताना उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणंही बरेचदा जातं. हे सहीआधी, घरच्या भाषेत सांगायला हवं. सरकारी योजनेतून पहिलं यंत्र फुकट मिळतं. पण काही वर्षांनी त्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात. नवा प्रोसेसर कोण देणार, हे सहीआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.