जुन्या आठशेचा बदली सेल्फ : आठ महिन्यांनंतर

गाडी 1998 ची मारुती आठशे, कार्बोरेटरवाली. घर गुहागरला, समुद्राच्या अगदी जवळ. रोपांच्या कामासाठी दर आठवड्याला दापोलीची फेरी होते. धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून इंजिन बंद करायचं आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडली की तेच गरम इंजिन दाभोळला पुन्हा चालू करायचं. मागे गाड्यांची रांग असते, त्यामुळे सेल्फने (इंजिनला पहिली फेरी देणाऱ्या स्टार्टर मोटरने) तिथे दगा दिला तर सगळेच अडकतात.

मूळ सेल्फ गेल्या मे महिन्यात गेला. चावी फिरवली की एकदाच ‘टक’, पुढे काही नाही. पान्याने कवचावर हलकं ठोकलं की मात्र फिरायचा. ठोकल्यावर फिरला तर बहुतेक वेळा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात. उघडून पाहिलं तर ब्रश खरंच संपत आलेले होते आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर चरही पडले होते. चिपळूणहून एका छोट्या कंपनीचा नवा सेल्फ आणला, जुना देऊन 2,900 रुपये पडले.

पहिले तीन आठवडे तक्रारीला जागाच नव्हती. अर्ध्या फेरीत इंजिन पेटायचं. मग भर पावसात एकदा दाभोळच्या धक्क्यावर चावी फिरवली आणि ‘टकटकटकटक’ सुरू झालं. बोटीवरचा पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, “काका, तुमी बसा, आमी ढकलतो.” तिघांनी ढकलून गाडी चालू करून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही.

चिपळूणच्या दुकानदाराने वाद न घालता नग बदलून दिला. दुसराही दहा दिवसांत तेच करू लागला. जो तो बॅटरीवर बोट ठेवत होता, पण बॅटरी सहा महिन्यांची होती आणि तपासणीत ठणठणीत निघाली. हेडलाइट लख्ख, हॉर्न कडक. मग एका रविवारी बॉनेट उघडून बसलो. मुलगी चावी फिरवत होती आणि माझा हात सहज ॲक्सिलरेटरच्या केबलला लागला. केबल कोमट होती! इंजिन सकाळपासून थंड, मग ही तापली कशाने?

सेल्फला फिरताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात. हा प्रवाह इंजिनच्या धातूतून अर्थिंगच्या जाड केबलने बॅटरीकडे परतायला हवा. ती वाट अडली की तो मिळेल तिथून परततो, आणि इथे तो बारक्या ॲक्सिलरेटर केबलमधूनही जात होता. टकटकही त्यामुळेच. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जायचा, मोटरने प्रवाह घेतला की विजेचा दाब कोसळायचा, सोलेनॉइड सुटायचा, की पुन्हा ओढला जायचा.

मीटरचा बझर (जोडणी सलग असली की वाजतो तो) लावून अर्थिंगची वायर तपासली होती आणि ती छान वाजली होती. इथेच माझे दोन महिने गेले. 0.03 ओहमचा अडथळा साध्या मीटरवर कळत नाही, पण 100 अँपिअर वाहताना तेवढाच अडथळा 3 व्होल्ट खातो. दिव्यांना जेमतेम दहा अँपिअर लागतात, म्हणून त्यांच्यावर काही जाणवत नाही. तपासायचं ते चावी फिरवतानाच. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पेटू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढलेली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवं होतं, माझ्याकडे 3.1 आलं. पॉझिटिव्ह बाजूला फक्त 0.3 होतं.

अर्थिंगची केबल वरून काळीभोर, धडधाकट दिसत होती. लगाजवळचं (टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) रबर ब्लेडने चिरलं तर आत तांबं उरलंच नव्हतं म्हणावं इतकी हिरवट-काळी भुकटी, चिमटीत धरली की तारा मोडायच्या. वर्षानुवर्षांचा खारा दमट वारा लगातून आत शिरून तारांमधून चढत गेला होता.

तिच्या जागी 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग. ती जिथे जोडायची ती गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आणखी एक गोष्ट आढळली. नव्या सेल्फच्या बसायच्या तोंडावरही जाड रंग होता. सेल्फची अर्थिंग त्याच तोंडातून जाते, त्यामुळे तो खरवडल्याशिवाय बसवू नका. हे काम कंपनीनेच करून पाठवायला हवं.

त्यानंतर चावी फिरवताना मीटरवर 0.2 येतं. पावसाळा गेला, गणपतीतल्या रांगाही गेल्या. दाभोळला पुन्हा कुणाला ढकलावं लागलेलं नाही. सेल्फबद्दल उरलेली तक्रार एकच. चावी सोडली की क्षणभर ‘किर्र’ असा आवाज येतो, मूळ सेल्फचा येत नसे. वाढलेला नाही, पण कान ठेवून आहे. पहिला नग मी परत केला तो बहुधा चांगलाच होता, ही गोष्ट दुकानदाराला जाऊन सांगितली. आता त्याच्याकडून सेल्फ नेणाऱ्याला तो आधी विचारतो, “अर्थिंगची केबल कधी बदललीत?”