महाट्रॅफिकची चलान तक्रार: नंबरप्लेटच्या चुकीला चालते, स्पीडोमीटरच्या वादाला नाही

गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान साइटवर चलान आणि कॅमेऱ्याचा फोटो समोर येतो. तेवढ्यापुरती सोय चांगली आहे. कॅमेऱ्याने 8 चा 3 वाचला असेल किंवा फोटोत भलतीच गाडी असेल, तर तक्रार तिथेच टाका. सोबत आरसी आणि गाडीचा नंबर स्पष्ट दिसणारा फोटो जोडा. फोटो शेजारी ठेवले की चूक दिसते, वाद उरत नाही. यासाठी पाचपैकी चार गुण.

वेगाच्या चलानाला मात्र दीडच. त्यातही ‘माझा काटा 100 वरच होता’ हे कारण लिहून तक्रार वाया घालवू नका.

कारण साधं आहे. स्पीडोमीटरचा संयुक्त राष्ट्रांचा नियम, रेग्युलेशन 39, सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त किती चालेल? खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी 4 किमी. म्हणजे गाडी खरोखर 80 ने जात असेल तर काटा 92 पर्यंत दाखवू शकतो, 100 ला 114 पर्यंत. या मापात बसणारा काटा तुमच्या बाजूचा साक्षीदार होतच नाही. कॅमेऱ्यात 112 आले तर काट्यावर निदान 112 दिसायलाच हवे होते.

काटा कमी दाखवतो तो बहुधा टायर बदलल्यावर. 185/65 आर15 चा व्यास साधारण 621 मिमी, 205/65 आर15 चा 647. फरक चार टक्क्यांचा, म्हणजे आधी अचूक असलेला काटा 100 दाखवताना गाडी 104 ने पळते. पण हे लेखी दिलंत तर भरधाव गेल्याची कबुली तुम्हीच दिलीत. (झिजलेल्या टायरचा परिणाम उलटा, तिथे काटा जास्त दाखवतो.) शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 ला चालकाला वेग माहीत होता की नाही याच्याशी देणंघेणं नाही. मर्यादा ओलांडली की कारला 1000 ते 2000 रुपये दंड.

खरा मुद्दा त्याच कलमात पुढे आहे. एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. तेव्हा प्रश्न यंत्रालाच विचारायचे. 2021 मध्ये आलेल्या नियम 167ए प्रमाणे कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेरा असल्याचे फलकही रस्त्यावर हवेत. चलानासोबत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. रडार असेल तर 1 जुलै 2025 पासून लागू झालेल्या वैधमापन (वजनमापांच्या) नियमांनुसार त्याची पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. तक्रारीत यंत्राचा क्रमांक, प्रमाणपत्राची तारीख आणि त्या जागेची वेगमर्यादा, एवढंच मागा. पानभर कैफियत नको.

रडार तिरकं लावलं होतं, हा युक्तिवादही सोडा. रस्त्याकडेच्या स्थिर रडारचा कोन वाढला की वेग कमी नोंदला जातो, 20 अंशांना जवळपास 6 टक्के. फायदा तुमचाच झालेला असतो.

तक्रार फेटाळली गेली तर पुढची वाट न्यायालयाची. चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन न्यायालयात, गेलं असेल तर तिथे दंड भरणे आणि खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं, आणि मग वकिलाची फी दोन हजारांच्या दंडापुढे मांडून पाहावी लागते. लोकअदालतीत यंत्राची उलटतपासणी होत नाही. तिथे तडजोड होते, आणि त्या निवाड्यावर अपील नाही.