जुन्या कब कॅडेटला हिवाळ्यात कुठलं ऑईल? पाच महिने बर्फ उडवून झाल्यावरचा अनुभव

आमच्या सांगलीकडे ट्रॅक्टर म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. हा कब कॅडेट १४५०, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, १९७०च्या दशकातला, उंचीला रेडकाएवढा. उन्हाळ्यात गवत कापायचं आणि हिवाळ्यात पुढे स्नो-ब्लोअर जोडून बर्फ उडवायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही मिनेसोटात रॉचेस्टरच्या बाहेर राहतो. ड्राइव्हवे लांब आहे, आणि जानेवारीत सकाळी उणे २५ सेल्सियस असलं तर त्याची कुणी बातमी करत नाही. ट्रॅक्टर उभा असतो तो पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे हीटर नाही.

इंजिन कोहलर के३२१. एक सिलिंडर, १४ हॉर्सपॉवर, बीडाचा ब्लॉक. ऑईलबद्दल बोलायचं तर एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे : या इंजिनाला ऑईल पंपच नाही. फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक दांडा आहे. तो दर फेऱ्याला तळातल्या ऑईलमध्ये बुडतो आणि ते सगळीकडे उडवतो. वंगण म्हणजे एवढंच. शिवाय रॉड ॲल्युमिनियमचा, आणि तो शेलशिवाय, म्हणजे मध्ये बेअरिंगची वाटी नसताना, थेट क्रँकवर फिरतो. ऑईल काकवीसारखं घट्ट असेल तर पळी त्यात नुसता चर पाडते, वर काही उडत नाही. तसा कोरडा फिरलेला रॉड एखाद्या दिवशी ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून माझ्यासारख्याने ब्रँडपेक्षा थंडीतल्या पातळपणाकडे पाहावं, हे माझं मत पाच महिन्यांत पक्कं झालं.

नोव्हेंबरमध्ये आत उन्हाळ्याचं साधं एसएई ३० होतं (एसएईचा आकडा म्हणजे ऑईलच्या घट्टपणाची ग्रेड). मॅन्युअलप्रमाणे ते गोठणबिंदूच्या वरच्या हवेसाठी. थंडीत पातळ ग्रेड घाला असं तिथे स्पष्ट लिहिलंय, पण दुकानातला माणूस म्हणाला, 'थर्टी इज थर्टी', आणि मी मान डोलावली. उणे १२ला सेल मारला तर इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. फोनवर वडिलांना सांगितलं. आयुष्यभर विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलेला माणूस. ते म्हणाले, 'थंडीत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब येत नाही, तसं झालं असेल.' झालं तसंच होतं.

मग वाचत बसलो. ५डब्ल्यू-३० मधला मागचा ३० हा गरम इंजिनातला, १०० अंशांवरचा. तिथे एसएई ३०, १०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० तिघंही एकाच पट्ट्यात येतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा : १०डब्ल्यू असेल तर सेल मारताना होणाऱ्या विरोधाची चाचणी उणे २५ला, ५डब्ल्यू असेल तर उणे ३०ला. नुसत्या एसएई ३०ला तशी चाचणीच नाही. म्हणजे दुकानदार गरम इंजिनापुरता बरोबर होता, माझ्या शेडपुरता चुकीचा.

डिसेंबरमध्ये साधं १०डब्ल्यू-३० घातलं, दोन क्वार्ट, म्हणजे दोन लिटरला थोडं कमी. उणे १५पर्यंत काही तक्रार नाही. त्याच्या खाली इंजिन चालू व्हायचं, पण कण्हत. एका रात्री तिन्ही ऑईलं काचेच्या बरण्यांत घालून शेडमध्ये ठेवली (बरण्या लोणच्याच्या, त्यावर घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही). सकाळी उणे २२. एसएई ३०ची बरणी आडवी केली तर ऑईलचा पृष्ठभाग हलायला वेळ घेत होता. १०डब्ल्यू हळू पण ओघळलं. मोबिल १चं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० बऱ्यापैकी सरळ वाहिलं. जानेवारीत तेच घातलं.

फरक पडला, पण मला वाटला होता तेवढा नाही. बॅटरी बदलून पाहिली, केबलची टोकं घासली. तरी सकाळचा पहिला सेल जडच. खरा चोर मागे होता. माझा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक गिअरचा आहे, म्हणजे चाकं दाबाखालच्या ऑईलच्या जोरावर फिरतात, आणि त्यात हायड्रोचा पंप ड्राइव्हशाफ्टने थेट इंजिनाला जोडलेला. मध्ये क्लच नाही. म्हणजे सेल मारताना स्टार्टर इंजिनाबरोबर मागचं ऑईलही ढवळत असतो. मागची डिपस्टिक काढली तर ऑईल ताकासारखं पांढरट. पाणी शिरलेलं. हे हाय-ट्रान, म्हणजे या मागच्या गिअरचं ऑईल, पाणी स्वतःत धरून ठेवतं आणि दुधाळ होतं. निदान दिसतं तरी. सातेक क्वार्ट काढून नवं भरलं. दुसऱ्या दिवशी उणे २४ला इंजिन तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला लागलं. हे आधी केलं असतं तर १०डब्ल्यूला मी एवढी नावं ठेवली नसती, हेही कबूल करतो.

सिंथेटिकच्या तक्रारी दोन. जुन्या गॅस्केटमधून थोडं जास्त पाझरतं, शेडच्या फरशीवर रुपयाएवढा डाग पडायचा. आणि ऑईल थोडं पितंही. पंचवीस तासांत पाव लिटर वरून घालावं लागलं. पळीवाल्या इंजिनात पातळी खाली गेली तर पळी पोचतच नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी डिपस्टिक पाहायची सवय लावून घेतली. थंडीत चोक जास्त वेळ ओढला की पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, हे फेब्रुवारीत डिपस्टिकचा वास घेतल्यावर कळलं. ऑईल बदलायचे पंचवीस तास भरले नव्हते, तरी ते ऑईल काढून टाकलं. इथे कंजुषी करू नका, दोन क्वार्टचा तर प्रश्न आहे. आणि नुसतं दहा मिनिटं चालवून बंद करू नका. ऑईल तापलं नाही तर आत बाष्पाचं पाणी साठतं, ब्रीदरशी, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर पडते त्या तोंडाशी, सायीसारखा थर येतो.

झिंकचा वाद मी सोडून दिला. झिंक म्हणजे दाबाखाली घासणारे भाग झिजू नयेत म्हणून ऑईलमध्ये घातलेलं द्रव्य. जुन्या इंजिनाला ते जास्त हवं म्हणून शेजारचे गृहस्थ रोटेला टी६ ५डब्ल्यू-४० वापरतात. डिझेलचं ऑईल आहे, त्यांचं इंजिन मजेत चालतं. पण या छोट्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा इतक्या हलक्या आहेत की मला त्याची धास्ती वाटत नाही. ०डब्ल्यू-३०ही चाललं असतं, पण माझ्या शेडमध्ये उणे ३०च्या खाली पारा या मोसमात एकदाही गेला नाही.

एप्रिलच्या शेवटी ब्लोअर काढला, कापणीचा डेक लावला आणि परत एसएई ३० भरलं. हवेवर थंड होणारं इंजिन, जुलैतल्या उन्हात तासभर गवत कापताना पातळ ऑईल आणखी पिईल. आतापर्यंत चार वेळा गवत कापलं. पातळी केसभरही हललेली नाही, आणि फरशीवरचा डाग वाढायचा थांबलाय.