चालू पिठाची गिरणी विकत घ्यावी का?

पाचपैकी साडेतीन तारे. नवी गिरणी टाकून गिऱ्हाईक जमवत बसण्यापेक्षा चालू गिरणी घेणं बरं. पहिल्याच दिवशी दळणाचे डबे दारात येतात. पण किंमत बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर ठरते, आणि नव्या मालकाची झोप उडते ती त्या आकड्यामुळेच.

'रोज दोनशे किलो दळण आहे' हे विजेच्या मीटरवर पडताळता येतं. दिवे-पंखे बंद करा, 50 किलो गहू तोलून घ्या, दळणाच्या आधी आणि नंतर रीडिंग लिहा. समजा 5 युनिट लागली, म्हणजे किलोला 0.1 युनिट. महिन्याचं बिल 400 युनिटचं असेल, तर दळण 4,000 किलोच्या पुढे जात नाही. 26 दिवस धरले तर रोजचं दीडशेच्या आसपास. किंमत या दीडशेवर बोलायची. मिरची कुटायचं यंत्र, म्हणजे डंक, त्याच मीटरवर असेल तर त्याची युनिटं आधी वजा करा. आणि बिलं बाराही महिन्यांची मागा. उन्हाळ्यातली मिरची-हळद आणि दिवाळीची भाजणी एवढंच बघून सौदा केला, तर पावसाळ्यात कर्जाचा हप्ता अंगावर येतो.

यंत्राचं म्हणाल तर आधी पीठ हातात घ्या. चटका बसला तर दगड बोथट झालेत, छिन्नीने टाकी लावायला हवी, किंवा जातं फार घट्ट बसवलंय. अशा पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, ज्वारीची भाकरी थापताना चिरते आणि गिऱ्हाईक न बोलता दुसरी गिरणी धरतं. दगडाची जाडी किती उरली ते मोजा. मोटार बंद करून, पट्टा उतरवून पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून कमी करा.

कागदपत्रांत एक गैरसमज हमखास असतो. एकट्या मालकाचा अन्न परवाना आणि जीएसटी नोंदणी धंद्याबरोबर विकत मिळत नाही, दोन्ही स्वतःच्या नावावर नव्याने काढावी लागतात. गाळा भाड्याचा असेल तर जागामालकाशी स्वतःच्या नावाचा करार नोंदवून घ्या, तोही पैसे देण्याआधी. वीजजोडणी नावावर करताना जुनी थकबाकी तपासा. किमतीतले वीस टक्के तीन महिने राखून ठेवायची अट लेखी असावी; मागची देणी निघाली तर ती त्यातून फिटतात.

दीड तारा कापलाय तो मालकाच्या डोक्यावरच्या ताणासाठी. पहिले तीन महिने 'आधीच्यांकडे पीठ बारीक यायचं' हे रोज ऐकावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे जुन्या मालकाला महिनाभर गाळ्यात बसवणं. कोणाला लाडवाला जाड लागतं, कोणाला पोळीला बारीक, हे त्याच्या डोक्यात असतं. ते वहीत उतरवून घ्या. कामगार अचानक सोडून गेला की सगळं अडतं, म्हणून जातं उघडून बसवणं स्वतःला आलंच पाहिजे. सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवूनच सौदा करा. ते जमत नसेल तर ही गिरणी आपल्यासाठी नाही, हे मनापासून सांगतो.

आवाज आणि पिठाची धूळ यांनीही माणूस चिडचिडा होतो, हे कोणी सांगत नाही. कानात बोळे आणि तोंडाला मास्क पहिल्या दिवसापासून हवेत. दुपारी दोन तास आणि आठवड्यातून एक दिवस शटर खाली, पाटीवर लिहून. तरीही रात्र-रात्र डोळा लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. हप्ता थकेपर्यंत थांबू नका, आधीच फोन करा.